इरली

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, उद्यमबागेच्या तोंडाशी,
बेअरिंगच्या दुकानावरच्या खोलीत
मी एक ॲप करतेय.
मित्रांमधला खर्च वाटून देणारं. एवढंच.
खालून ग्रीसचा वास येतो
आणि पाळी सुटली की फाउंड्रीचा भोंगा.

पहिला पडदा सोपा होता:
कोणी भरले, किती भरले, कोणाकोणात.
चाचणीला हिशेब घेतला आमचाच, चोर्ला घाटाचा.
पेट्रोल अकराशे, ग्लॅडिसने.
जांबोटीला उसळ-पाव, ईरण्णाने.
पंक्चर, मी.
निघताना कुंदा, अर्धा किलो, परशरामने.
कणकुंबीला त्याच्या आईकडे द्यायचा होता,
आम्ही गाडीतच संपवला
आणि घरासमोरून गाडी तशीच पुढे नेली.
तो कुंदा कोणात वाटायचा?
ॲप म्हणालं, चौघांत.
पाचवी यादीत नव्हती.

मग पैशाचा घोळ.
हजार रुपये तिघांत वाटले की
एक पैसा उरतो.
ग्लॅडिस म्हणाली, यादीत पहिला असेल त्याच्या माथी मार.
ईरण्णा म्हणाला, "इरली बिडले! एका पैशाला काय येतंय आता?"
मी म्हटलं, हजार ट्रिपा झाल्या तर दहा रुपये होतात.
"मग हजार ट्रिपा तरी होऊ देत की."

देणं लाल, येणं हिरवं.
'कोडबेकागिदे' बटणाबाहेर सांडतं.
'देणं लागतोस' बटणात बसतं, पण टोचतं.
आमच्या गावात पाटी रंगवायची तर
आधी अक्षरांची उंची मोजतात.
मी दोन्हीकडून थोडी जागा वाढवली
आणि कोणालाच सांगितलं नाही.

मार्चपासून परशरामच्या नावापुढे लाल आकडा:
दोन हजार एकशे चाळीस.
फाउंड्रीने एक पाळी बंद केली, हे तो बोलला नाही.
भोंगा एकदाच वाजायला लागला, त्यावरून कळलं.
चहाच्या गाड्यावर तो येईनासा झाला,
दिसलाच तर म्हणायचा, "जेवूनच आलोय गा."
आणि माझं ॲप, माझ्याच हातचं,
दर सोमवारी सकाळी नऊला
त्याला आठवण करून देत होतं
घंटेच्या चिन्हासकट, गोड शब्दांत:
'मित्रांना विसरू नका.'
ते शब्द मीच लिहिलेले.

रात्री बसून एक बटण वाढवलं.
त्याला नाव सुचेना.
'माफ' म्हटलं तर तो वर बघणार नाही.
'सोडलं' म्हटलं तर आम्हीच सुटल्यासारखे.
शेवटी ईरण्णाचा शब्द घेतला, देवनागरीत लिहिला: इरली.

सकाळी रुक्माण्णा माल उतरवायला आले, खानापूरकडचे.
फोन त्यांच्या हातात दिला.
त्यांनी चष्मा वर केला.
"इरली? भाताचं रोप लावताना पाठीवर घेतात ती?
आता कुठली मिळतात, पोरी."
मी कन्नड अर्थ सांगायला तोंड उघडलं,
तर ते हाताने कामट्यांचा आकार काढत होते,
पानांचे थर दाखवत होते.
"छत्री धरली की एक हात गेला.
इरल्यात कसं, दोन्ही हात मोकळे."

घंटा पुसली. तिथे एक इरलं काढलं,
कासवाच्या पाठीसारखं दिसतंय, असू दे.
ते दाबलं की आकडा मिटत नाही,
नुसता भिजत नाही.
कोणी दाबलं, ते दाखवायचं नाही.

रविवारी सर्व्हरवर एक नोंद अडकलेली दिसली.
परशरामने जुना खर्च बदललाय:
कुंदा, अर्धा किलो, पाच जण.
पाचवं नाव, आई.
नंबराशिवाय नाव घेता येत नाही,
असं ॲप त्याला तीनदा म्हणालंय.
तेवढं आज दुरुस्त करायचं आहे.